गाडी झटके खाते, सायलेन्सरमधून फटाके फुटतात: कार्बोरेटर क्रमाने कसा लावायचा

ॲक्सिलेटर दिला की गाडी क्षणभर गप्प होते आणि मग एकदम उसळते. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्-फट् सुरू. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम कोणतं करतात? पेचकस घेतात आणि कार्बोरेटरच्या कडेचा स्क्रू फिरवतात. अर्धा फेरा इकडे, एक फेरा तिकडे. स्क्रू मुळात कुठे होता हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि चार दिवसांनी मूळ दुखणं कोणतं आणि आपण लावलेलं कोणतं हेच कळत नाही. तो स्क्रू हा या कामाचा जवळजवळ शेवटचा टप्पा आहे. त्याच्या आधीचे टप्पे नीट झाले की बऱ्याच गाड्यांत त्याला पाव फेऱ्यापेक्षा जास्त हलवावंच लागत नाही.

हे मार्गदर्शन स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, सीटी १००, जुनी शाईन, युनिकॉर्न, पल्सर, बुलेट अशा कार्बोरेटरच्या मोटारसायकलींसाठी आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनवर चालतात. तुमची गाडी तशी असेल तर इथलं काही तिला लावू नका.

१. आधी दुखणं नीट ओळखा

गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, झटका ॲक्सिलेटरच्या कोणत्या भागात बसतो. मुठीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावा. मूठ बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण उघडलेली असताना पेनाने रेघा मारा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा, आणि स्लो म्हणजे मूठ सोडलेली असताना इंजिन हळू चालू राहणं. सुरुवातीच्या आठव्या भागापर्यंत स्लो जेट आणि मिक्श्चर स्क्रूचं (तोच कडेचा स्क्रू) राज्य असतं. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या (मूठ उघडली की कार्बोरेटरमध्ये वर उचलली जाणारी झडप) खालच्या कापाचा परिणाम दिसतो. पाव ते पाऊण नीडलचं (स्लाइडला लावलेली सुई) काम, त्यापुढे मेन जेटचं. हे भाग एकमेकांत थोडे मिसळतात, पण कुठे शोधायचं ते रेघांवरून कळतं. अर्ध्या ॲक्सिलेटरला अडणाऱ्या गाडीचा मिक्श्चर स्क्रू फिरवणं म्हणजे वेळ वाया.

दुसरी गोष्ट, फटाका कुठून फुटतो. सायलेन्सरमधून, की फिल्टरच्या बाजूने कार्बोरेटरमधून ‘फुस्स-टप्’ असं थुंकल्यासारखा? सायलेन्सरमधला फटाका ॲक्सिलेटर सोडल्यावर येत असेल तर स्लोला पेट्रोल कमी पडतंय किंवा सायलेन्सरच्या जोडाला हवा लागतेय. कार्बोरेटरमधून उलटा येत असेल तर पेट्रोल फारच कमी, इनलेटचा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) घट्ट किंवा इग्निशनचा, म्हणजे ठिणगीच्या व्यवस्थेचा घोटाळा.

तिसरी, चोकची परीक्षा. गाडी जिथे अडते तिथेच चोक अर्धा ओढून बघा. सुधारली तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. आणखी बिघडली, घुमली, काळा धूर आला तर पेट्रोलच जास्त आहे. पुढच्या प्रत्येक निर्णयाला हे उत्तर लागणार आहे, म्हणून कागदावर लिहून ठेवा.

सावधान: ही परीक्षा मोकळ्या, सरळ रस्त्यावर घ्या. हायवेवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून जाताना मुठीकडे बघत बसू नका.

२. कार्बोरेटर न उघडता तपासायच्या गोष्टी

हा टप्पा लोक वगळतात, आणि अर्ध्या गाड्या तर इथेच बऱ्या होण्यासारख्या असतात.

*एअर फिल्टर.* आपल्याकडे मराठवाड्यात काळ्या रानाची बारीक धूळ, कापूस वेचणीच्या दिवसांत उडणारे तंतू आणि शेतरस्त्यांचा फुफाटा असतो. त्यामुळे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या बऱ्याच आधी फिल्टर तुंबतो. तुंबलेल्या फिल्टरवर कार्बोरेटर लावला आणि महिन्याभराने फिल्टर बदलला, की सगळी मांडणी चुकते. म्हणून आधी फिल्टर, मग कार्बोरेटर. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. फोमचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, सांगितलेलं तेल लावून बसवा. डब्याचं झाकण आणि डबा ते कार्बोरेटर हा रबरी पाइप नीट बसलाय ना, तेही पाहा.

*प्लग.* टोक कोरडं, काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी. फिकट तपकिरी असेल तर ठीक. तेलकट ओलं असेल तर दुखणं पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचं आहे, कार्बोरेटर कितीही लावा, ते जाणार नाही. फट पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. प्लगची टोपी वायरवर घट्ट आहे का, हे आवर्जून पाहा. ओझं घेऊन चढावर गाडी मिसिंग मारते तेव्हा बऱ्याचदा ही ढिली टोपीच दोषी असते.

*पेट्रोलचा प्रवाह.* इंजिन थंड झाल्यावर कॉक बंद करून कार्बोरेटरचा पेट्रोल पाइप काढा, बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. अर्धा मिनिट सलग धार पडली पाहिजे. आधी धार आणि मग थेंब-थेंब होत असेल तर टाकीचं झाकण उघडा. धार परत आली तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजलंय. नाही आली तर कॉकची जाळी साफ करा.

*पेट्रोल.* कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या ग्लासात काढा आणि दोन मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळे थेंब किंवा थर दिसला तर ते पाणी. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो. जेट नेमके तळाशीच असतात. गावात बाटलीतून घेतलेलं पेट्रोल असेल तर ही तपासणी दोनदा करा.

*हवा कुठून घेते?* इंजिन स्लोला ठेवा. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या मॅनिफोल्डच्या जोडावर थोडं-थोडं मारा, प्लगच्या टोपीवर जाऊ देऊ नका. रेस (इंजिनचा वेग) बदलली की तिथून हवा शिरतेय. काही जण इथे पेट्रोल किंवा क्लीनर मारतात. गरम इंजिनवर ते करू नका, आग लागते.

दूध घालायला रोज गेवराईला जाणाऱ्या एकाची स्प्लेंडर हवा शिरण्याचा नमुनाच होती. मिक्श्चर स्क्रू तीन फेरे बाहेर, मेन जेट बदललेला, तरी सिग्नलला थांबली की बंद. शेवटी कार्बोरेटर काढून त्याची फ्लँज (इंजिनकडे नटांनी बसणारी सपाट बाजू) आरशावर ठेवली तर ती डुलत होती. नट वाजवीपेक्षा आवळल्यामुळे दोन्ही कान इंजिनकडे वाकले होते आणि मधल्या ओ-रिंगला (रबरी कडं) दाबच नव्हता. फ्लँज सपाट घासून नवी ओ-रिंग घातली, जुना जेट परत बसवला, आणि स्क्रू जवळजवळ कंपनीच्याच जागी आला.

*टॅपेट.* मोजमाप थंड इंजिनवरच, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना आणि पुस्तिकेतल्या आकड्यानेच घ्या. ‘आवाज नको’ म्हणून टॅपेट घट्ट करून घेण्याची आपल्याकडे फार हौस आहे. घट्ट टॅपेटमुळे गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गाडी कार्बोरेटरमधून थुंकते, आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. थोडा आवाज चालेल, घट्टपणा नाही.

*सायलेन्सरचा जोड.* इंजिन स्लोला असताना सायलेन्सरच्या टोकाला जाड ओलं फडकं क्षणभर दाबा. हेडजवळच्या जोडातून फुसफुस आली तर गॅस्केट बदला. तिथून आत गेलेली हवा ॲक्सिलेटर सोडल्यावर न जळलेल्या पेट्रोलला पेटवते. सोडतानाच्या फटाक्यांचं हे फार सामान्य कारण आहे.

तपासा: आता पुन्हा एक चक्कर मारा. दुखणं गेलं असेल तर इथेच थांबा. चालू कार्बोरेटर उगाच उघडायचा नाही.

३. जागा आणि हत्यारं

काम उघड्यावर, सावलीत करा. जवळ चूल, बिडी, वेल्डिंग काही नको. बाजूला वाळूची बादली ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पेट्रोलची वाफ फार वेगाने होते. त्या दिवसांत हे काम सकाळीच उरका.

घराच्या ताटात पांढरं फडकं अंथरा, पडलेली स्प्रिंग लगेच दिसते. अचूक बसणारे पेचकस, पाने, कार्ब क्लीनरचा डबा, नवी वाटीची गॅस्केट आणि ओ-रिंगचा संच जवळ असू द्या. मोंढ्यातल्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात हा संच गाडीचं मॉडेल सांगून मिळतो. डोळ्यांना चष्मा लावाच. क्लीनर एका छिद्रातून मारला की दुसऱ्यातून थेट तोंडावर उडतो.

चुकीच्या मापाचा पेचकस हा या कामाचा पहिला शत्रू. पितळी जेटची खाच एकदा झिजली की जेट निघत नाही, आणि मग सगळा कार्बोरेटर बदलायची पाळी येते.

४. काढताना

कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, आणि एकही पाइप काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. वरचं झाकण फिरवून स्लाइड केबलसकट बाहेर काढा आणि फडक्यात गुंडाळून वर टांगा, म्हणजे नीडल वाकणार नाही. कार्बोरेटरला सेन्सरची वायर जोडलेली असेल तर फक्त वायरचा कनेक्टर सोडवा. ज्या स्क्रूंनी तो सेन्सर बसवलाय त्यांना हात लावू नका, त्याची जागा हलली की घरी परत लावता येत नाही.

आता मिक्श्चर स्क्रू. तो काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवा आणि फेरे मोजा, पाव फेऱ्यापर्यंत. तळाला टेकला की थांबा, आवळू नका. टोक सुईसारखं असतं, दाबलं तर स्क्रूही खराब होतो आणि बसायची जागाही. मोजलेला आकडा लिहा: ‘आत १ आणि ३/४’ असा. मगच स्क्रू बाहेर काढा. त्याच्यासोबत स्प्रिंग, बारीक वॉशर आणि त्याहून बारीक ओ-रिंग असू शकते. ती ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि क्लीनरच्या माऱ्यात फुगते किंवा उडून जाते. नंतर गाडीची रेस आपोआप वर-खाली होत राहते आणि कारण सापडत नाही. म्हणून टॉर्च लावून बघा आणि ती काढून ठेवा.

५. सफाई

झटक्याचं आणि सोडतानाच्या फटाक्यांचं मूळ बहुधा एकाच जागी सापडतं: स्लो जेटमध्ये. त्याचं छिद्र केसाएवढं असतं. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर ते छिद्र अरुंद करतो. पूर्ण बंद असेल तर गाडी स्लोला उभीच राहत नाही, लगेच कळतं. अर्धवट बंद असेल तेव्हा मात्र गाडी चालते, फक्त ॲक्सिलेटर उघडताना अडते आणि सोडताना फटाके मारते.

जेट काढा, क्लीनरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा, फवारा मारा, आणि आभाळाकडे धरून एका डोळ्याने पाहा. छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला चंद्रकोरीसारखी सावली असेल तर घाण अजून आहे. परत भिजवा. काहीच निघेना तर नायलॉनचा बारीक दोरा किंवा वायरमधली एकच तांब्याची तार हळूच घाला. सुई, सेफ्टी पिन, क्लच केबलची पोलादी तार यातलं काहीही नको. पितळ मऊ असतं, छिद्र किंचित मोठं झालं की जेट कायमचा बदलला, आणि वर लिहिलेला आकडा खोटा ठरला. काही कार्बोरेटरमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो. तो उपटू नका, जागेवरच फवाऱ्याने साफ करा.

जेटच्या बाजूच्या छिद्रांचीही हीच परीक्षा घ्या. मेन जेट ज्या नळीला बसतो तिला आडवी बारीक छिद्रं असतात, ती कुणी बघत नाही. मग कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटा. स्लो जेटच्या जागेतून फवारा मारा. स्लाइडपाशी, इंजिनच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून तो बाहेर आला पाहिजे. मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून आणि फिल्टरच्या तोंडाकडच्या हवेच्या छिद्रातूनही मारून बघा. एखाद्या वाटेतून फवारा बाहेर येत नसेल तर ती वाट मोकळी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पंक्चरच्या दुकानातली हवा वापरणार असाल तर आधी नळी जमिनीकडे करून थोडी हवा सोडा. त्या टाकीत पाणी आणि तेल साचतं, ते सगळं तुमच्या साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये जाईल. आणि फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) जागेवर असताना जोराची हवा मारू नका.

फ्लोटच्या सुईचं टोक बोटाने चाचपा. गोल कंगोरा लागला तर सुई बदला. कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीला स्वच्छ पाइप लावा आणि हलकं फुंका. हवा आत गेली नाही पाहिजे. जात असेल तर पेट्रोल ओव्हरफ्लो होणार, आणि कितीही लावलं तरी गाडी घुमत राहणार.

युनिकॉर्न, पल्सर १५० ची अनेक मॉडेलं, अलीकडची कार्बोरेटरवाली बुलेट यांच्यात स्लाइडला रबरी पडदा असतो. त्याला क्लीनर लागू देऊ नका, रबर फुगतं. उजेडासमोर हलका ताणून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी स्लाइड वेळेवर उचलत नाही आणि ॲक्सिलेटर दिल्यावर गाडी विचारात पडते. अशा पडद्याला सोल्युशन लावून उपयोग नाही, नवाच घ्या.

६. बसवताना

मिक्श्चर स्क्रू हलकेच तळाला टेकवा आणि लिहिलेल्या आकड्याएवढा बाहेर काढा. आधीच कुणी फिरवून ठेवला असेल तर पुस्तिकेतला आकडा घ्या. तोही नसेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा.

स्लाइडचा कापलेला भाग फिल्टरकडे, आणि कडेची खाच आतल्या खिळ्यात. उलटी बसली तर रेस प्रचंड वाढते आणि खाली येत नाही. झाकण लावल्यावर इंजिन चालू न करता मूठ उघडून सोडा. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. फ्लँजचे नट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळा. केबलला काही मिलिमीटर ढिलाई ठेवा.

तपासा: कॉक उघडून पाच मिनिटं थांबा. कुठूनही थेंब पडत नाही ना? गाडी चालू करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस वाढली तर केबल ओढली जातेय. हे जमल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

७. आता स्क्रू

इंजिन पूर्ण गरम हवं. थंड इंजिनवर लावलेली गाडी गरम झाली की बिघडते.

आधी स्क्रू कोणत्या जातीचा ते ओळखा. इथेच बहुतेक जण उलटं करतात. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो. बाहेर काढला की हवा वाढते, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवा सोडतो. तिथे बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. ‘आत म्हणजे कमी’ हा नियम सगळ्या गाड्यांना लावू नका.

स्लोच्या स्क्रूने (स्लाइड किती उचललेली राहील ते ठरवणारा दुसरा स्क्रू) रेस नेहमीपेक्षा जराशी वर ठेवा. मिक्श्चर स्क्रू फेऱ्याचा आठवा भाग फिरवा आणि पाच-सात सेकंद थांबा, इंजिनला बदल कळायला वेळ लागतो. ज्या दिशेला रेस वाढते त्याच दिशेला पुढे जा. वाढायची थांबून परत उतरू लागली की मागे येऊन सर्वांत वरच्या जागी ठेवा. मग स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणा. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास ठीक, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. हीच फेरी पुन्हा एकदा करा, कारण रेस उतरली की योग्य जागा किंचित सरकते.

शेवटी स्क्रू पेट्रोल वाढणाऱ्या बाजूला आठवा भाग जास्त ठेवा. भर उन्हात लावलेल्या गाडीला परभणीच्या डिसेंबरातल्या पहाटे हवा दाट लागते आणि पेट्रोल कमी पडतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या गाडीला त्याच जेटवर मिश्रण थोडं कोरडं जातं. तो आठवा भाग या दोन्हींसाठी.

तपासा: स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिनात काहीच फरक पडत नसेल तर स्लोची वाट अजून बंद आहे किंवा स्लाइड स्लोच्या स्क्रूमुळे फार उचललेली आहे. योग्य जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या बाहेर येत असेल तर स्क्रूशी झगडू नका. एकतर जेटचं माप चुकलंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

८. रस्त्यावर

ओळखीचा चढ निवडा. बीडच्या बाजूला असाल तर मांजरसुंब्याच्या घाटासारखा. नेहमी जेवढं ओझं असतं तेवढं घ्या, एकट्याने सपाटीवर गाडी चांगलीच पळते.

पाव ते पाऊण भागात अडत असेल तर नीडल. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर, तर पेट्रोल कमी. अनेक छोट्या गाड्यांच्या नीडलला एकच खाच असते. तिथे वॉशर घालून जुगाड करण्याऐवजी नीडल आणि तिची नळी झिजली आहे का ते बघा.

पूर्ण ॲक्सिलेटरलाच अडत असेल तर मेन जेट. कंपनीच्या गाडीत, कंपनीच्याच सायलेन्सर आणि फिल्टरवर, मेन जेट बदलायची गरज क्वचित पडते. आधी फ्लोटची पातळी आणि पेट्रोलचा प्रवाह बघा. बदललाच तर एकच माप पुढे-मागे, आणि एका वेळी एकच बदल.

सावधान: पेट्रोल कमी ठेवून ॲव्हरेज काढायच्या नादी लागू नका. कोरड्या मिश्रणावर इंजिन तापतं, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर पिस्टन धरतो. त्या दुरुस्तीत दोन-तीन वर्षांचं वाचवलेलं पेट्रोल जातं.

९. तरीही फटाके राहिले तर

काही गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी हेडपाशी हवा सोडणारी वेगळी रबरी नळी असते. ती चिरली किंवा तिचा व्हॉल्व्ह अडकला की सोडताना फटाके येतात. नळी तात्पुरती चिमटून बघा. फटाके थांबले तर दोष तिथे आहे. नळी कायमची बुजवू नका, सुटा भाग बदला.

जोराचा, बंदुकीसारखा फटाका मध्येच येत असेल तर इग्निशनकडे वळा: कॉइलची जोडणी, सीडीआयचा (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) कनेक्टर, चावीच्या स्विचमधला ढिलेपणा. हँडल वळवल्यावर फटाका येतो का, हेही बघा.

सगळं जमलं की मिक्श्चर स्क्रूचे फेरे, जेटचे आकडे आणि तारीख कागदावर लिहून साइड कव्हरच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी तुम्ही असा किंवा मिस्त्री, सुरुवात त्या आकड्यापासून होईल. आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका.